फाटक कोणी लावलं?

२ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायचा असतो म्हणून लिहिलाय, उगाच हुरळून जाऊ नकोस. अकरा वर्षांतलं माझं हे तुला पहिलं पत्र, आणि तेही मी आपणहून लिहीत नाहीये. दरवर्षी तू बाबांना जे एक कार्ड पाठवतेस, ते या वेळचं त्यांनी उशीखालून काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पत्त्याची बाजू वर करून. तोंडानं एक अक्षर नाही. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. माणसाला बरोबर कामाला लावतील, पण आपण सांगितलं असं कधी होऊ देणार नाहीत.

तर ऐक. ऑगस्टपासून बाबा अंथरुणाला खिळलेत. कमरेचं दुखणं जुनंच, त्यात आता छाती भरते. डॉक्टर येऊन गेला. अंगणात येऊन हळू आवाजात मला म्हणाला, "हिवाळा काढतील असं वाटत नाही. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." बोलवायला आहे कोण? तूच एक. तेव्हा ये. हॉस्पिटलात परक्यांची कूस बदलतेस, चार दिवस बापाची बदल.

इथे माझी कशी तारांबळ उडालीय ते लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही. झाडांची पानं गेली, सकाळी दंव पडतं, आणि माळ्यावर अजून अर्धं गवत चढवायचंय. पंपाच्या नळीला पेंढा गुंडाळायचाय. सफरचंदं उतरवली, पण डागी निवडायची राहिलीत, आणि एक नासलं की शेजारची चार नासतात. धुराडं साफ करायचंय. बकऱ्यांचे खूर कापायचेत. आणि मदतीला कोण, तर जावई. जावई म्हणजे आपलं गाढव, तू गेल्यावर आणलं. कामाच्या नावानं शंख आणि मान मात्र राखायचा, म्हणून जावई. मी शिडीवर चढले की खाली उभा राहून बघत बसतो. परवा त्याला शिडी कशाची केलीय ते बघायचं होतं बहुतेक. त्यानं तिला डोकं घासलं, शिडी सरकली आणि मी वरच्या फळीला लोंबकळले. खाली हा माझ्या चपला हुंगतोय. मेल्याला काय शिव्या घातल्या म्हणून सांगू! घरातून बाबांचा आवाज आला, "काय झालं गं?" मी लोंबकळतच म्हटलं, "काही नाही."

झालं गेलं ते मी मनात ठेवलेलं नाही. चूक माणसाच्या हातूनच होते. तू फाटक लावल्याची चकती खिळ्याला लावलीस आणि फाटक लावलं नाहीस, त्यात गाभण गाय गेली आणि बाबांची कंबर गेली. पण ते आता उगाळत कशाला बसायचं? मी कधीच माफ केलंय. तू फक्त ये.

तुझी ताई

१० नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. दूधवाला रोज सकाळी कॅन घ्यायला येतो, टपाल तोच आणतो. मी विचारायच्या आधीच मान हलवतो. कालपासून तर विचारतही नाही मी, लाज वाटते. त्याला वाटत असेल, या वयात बाईला कुणाच्या पत्राची एवढी ओढ लागलीय!

राग आलाय का तुला, मी चकतीचं लिहिलं म्हणून? मग येऊ दे राग. मी खोटं काय लिहिलं? आई होती तेव्हा तिनं डब्यांच्या पत्र्याच्या चार चकत्या कापल्या होत्या, तुला आठवत असेल. बाबांच्या चकतीला भोक नाही, आईच्या चकतीला कडेला चीर, माझ्या चकतीला एक भोक, तुझ्या चकतीला दोन. संध्याकाळी जो फाटक लावेल त्यानं स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला आपली चकती अडकवायची आणि सकाळी आपणच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणजे गारठ्यात कुणाला उठून बघायला जायला नको. घरात तेवढा एकच नियम होता. खोटं एकवेळ चालेल, चकती खोटी चालायची नाही.

आणि त्या दिवशी पहाटे मी उठले तर तुझी चकती खिळ्यावर आणि फाटक सताड उघडं. जनावरं दलदलीकडे गेलेली, तांबडी गाय पोटापर्यंत रुतलेली. तिला ओढताना बाबा पडले. हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तू एवढंच म्हणत राहिलीस, "मी लावलं होतं. कडी मी स्वतः अडकवली होती." मी विचारलं, "मग काय फाटक आपोआप उघडलं?"  आठव्या दिवशी एक बॅग घेऊन तू निघून गेलीस.

तुझी चकती अजून तिथेच आहे बरं का. तू न काढताच गेलीस आणि नियमानं कुणी काढली नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यावर माझी अडकवते. पत्र्यावर पत्रा वाजतो. तो आवाज ऐकला की बाबा खाटेवरून विचारतात, "फाटक कोणी लावलं?" घरात आम्ही दोघं, त्यातला एक आडवा. तरी रोज विचारतात. मी म्हणते, "मी." मग ते डोळे मिटतात.

या वर्षी फाटकाचा वैताग आलाय. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला साखळी आणि कुलूप लावलं होतं, ते आता इतकं गंजलंय की किल्ली फिरवताना बोटं सोलून निघतात. त्यात वकीलीणबाईंची नात. वकीलीण आठवते ना तुला, पांढऱ्या दाढीची बकरी, जिला प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घ्यायची असायची? तिची ही नात तिच्यापेक्षा सवाई. मी कुलूप काढत असले की खांद्यावरून मान पुढे घालून बघते. किल्ली कुठे जाते, कशी फिरते, कोणत्या खिशात पडते. काल तिनं या पत्राचा पहिला कागद खाल्ला. चवीनं खाल्ला, वर दुसरा मागायला आली. त्यात मी तुला बरंच चांगलं काही लिहिलं होतं. आता पुन्हा तेवढं चांगलं सुचत नाही.

गवत माळ्यावर चढवलं. एकटीनं.

ताई

१७ नोव्हेंबर

वा गं वा!

अकरा वर्षांनी ताईला कार्ड पाठवायचं आणि त्यात एक ओळ! "ताई, फाटक मी उघडं टाकलं असं तुला वाटत होतं, तर मी गेल्यावर साखळी कशासाठी लावलीस?" बस्स. बाबा कसे आहेत, नाही. येते किंवा येत नाही, तेही नाही. हॉस्पिटलात राहून तू पोलीस झालीस की काय?

दूधवाल्यानं कार्ड दिलं आणि तिथेच उभा राहिला. उघडं कार्ड, वाचलेलं असणारच त्यानं. मी म्हटलं, "काय बघताय? कॅन उचला."

साखळी का लावली म्हणजे? माणूस एकदा पोळला की काळजी घेतो, म्हणून लावली. आम्ही दोघंच उरलो होतो, बाबा प्लास्टरमध्ये, म्हणून लावली. लोखंड घरात पडून होतं, म्हणून लावली. मी माझ्या फाटकाला साखळी लावीन नाहीतर तोरण बांधीन, तू कोण विचारणारी? तुला फाटकाची एवढी पडली होती तर थांबायचं होतंस. बाबांचं सगळं मी केलं. बेडपॅन मी दिलं. अकरा वर्षं रोज पहाटे धार मी काढली, तापात काढली, हात सुजला होता तेव्हा डाव्या हातानं काढली. तू कुठे होतीस? इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून थर्मामीटर झटकत होतीस.

आज खूर कापायला घेतले होते. तुझ्या कार्डानं डोकं इतकं फिरलं की जावयाच्या खुराला कानस जास्त लागली. तो ओरडला नाही, मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. हेडमास्तर, म्हणजे हंसांमधला तो म्हातारा नर, आपली सगळी शाळा घेऊन बघायला आला. सगळे माझ्याभोवती माना लांब करून उभे. माझा तोल गेला. कानस फेकून मारली त्यांच्या दिशेनं. कुणाला लागली नाही. एकजण पुढे येऊन ती कानस चोचीनं उलटीपालटी करून बघायला लागला.

जनावरांना सगळं बघायचं असतं. फार वाईट खोड आहे ही.

पुन्हा असलं कार्ड पाठवू नकोस. यायचं तर ये.

१९ नोव्हेंबर

धाकटे,

परवाचं पत्र दूधवाल्याकडे दिलं आणि तो गेल्यावर वाटलं, मागून पळत जाऊन परत घ्यावं. पळवत नाही आता. म्हणून हे दुसरं.

मी सांगते. मध्ये बोलू नकोस.

बाबा पडले त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी पंपावर बादली भरत होते. फाटक लागलेलं होतं, मीच लावलं होतं. वकीलीण तिथे गेली. कडी हुंगली. मग वरचा ओठ कडीखाली घालून तिनं ती अलगद वर उचलली, खुंटीवरून सोडली आणि डोक्यानं फाटक ढकललं. घाई नाही, गडबड नाही. रोजची सवय असल्यासारखी. बाहेरसुद्धा गेली नाही. उघडून बघितलं, झालं तिचं समाधान, आणि मागे वळली. मी बादली तशीच ठेवून पळत जाऊन फाटक लावलं.

तू तेव्हा घरात होतीस. बाबांना पेज भरवत होतीस. त्यानंतर चार दिवस तू घरात होतीस. आणि मी तुला सांगितलं नाही.

वकीलीण लंगडतेय म्हणून मी तिला गोठ्यात बांधून ठेवलं होतं, आठवतं? ती लंगडत नव्हती. पुन्हा तुझ्यासमोर कडी उघडेल म्हणून बांधली होती. आणि तू वेडी, रोज गरम पाणी घेऊन तिचा धडधाकट पाय शेकत बसायचीस. तिला बरं वाटायचं, ती गपचूप शेकून घ्यायची. मी दारात उभी राहून बघायची. एकदा तू मला म्हणालीस, "ताई, हिला काय झालंय तेच कळत नाही गं." मी म्हटलं, "बघत राहा, कळेल."

तू गेलीस आणि मी साखळी लावली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता विचारशील, का. तुला वाटत असेल मला तुझा मत्सर होता. होता की! तुझ्या नोकरीचं पत्र आलं होतं, टेबलावर पडलं होतं, मी ते चारदा वाचलं होतं. पण सांगितलं नाही ते मत्सरानं नाही. मला वाटलं, आपल्यामुळे बाबा जायबंदी झाले असं मनाला लागलं की तू राहशील. अपराधी माणूस जात नाही कुठे, असं मला वाटलं. तू रडत होतीस, बाबांचे पाय चेपत होतीस, मी मनात म्हणत होते, राहते आता ही. आणखी दोन दिवस. आठव्या दिवशी तू बॅग घेऊन उभी. मला म्हणालीस, "तू मला खोटारडी म्हणालीस, ताई. वेंधळी म्हणाली असतीस तर राहिले असते."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण तू रडत नव्हतीस आता, आणि मला त्याचा इतका राग आला की मी म्हटलं, "जा."

मग एक वर्ष गेलं, दोन गेली. नंतर खोटं सांगायला लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. इतकं की पहिल्या पत्रात मी "माफ केलं" असं लिहिलं आणि लिहिताना माझा हातसुद्धा अडखळला नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही. ते अकरा वर्षं समजतायत की त्यांच्या लाडक्या लेकीनं चकती खोटी लावली. मला त्यांना सांगावं लागेल. हिंमत होत नाही. धुराडं साफ करून झालं की सांगते.

ताई

२७ नोव्हेंबर

धाकटे,

धुराडं साफ केलं. सफरचंदं निवडली. पंपाच्या नळीला पेंढा गुंडाळला, जावयानं उपटून खाल्ला, पुन्हा गुंडाळला. करायला काही उरलंच नाही तेव्हा, काल दुपारी, बाबांचं अंग पुसताना सांगितलं.

सगळं सांगितलं. कडी, ओठ, बांधलेली बकरी, सगळं. ते भिंतीकडे तोंड करून होते, मी पाठ पुसत होते. मला वाटलं ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, "बाबा, धाकटीनं फाटक लावलं होतं."

ते म्हणाले, "माहीत आहे."

मी फडकं पिळत होते, ते हातातच राहिलं. "काय माहीत आहे?"

"ही खाट तेव्हाही इथेच होती," ते म्हणाले. "खिडकीतून फाटक दिसतं. बकरीनं उघडलं ते मी पाहिलं. तू पळत जाऊन लावलंस तेही पाहिलं. मग म्हटलं, आत येऊन सांगेल. आली नाहीस."

"मग तुम्ही का नाही बोललात? ती इथेच होती. पेजेचा चमचा हातात धरून तुमच्यासमोर बसली होती!"

 मग, अगदी साध्या आवाजात, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं म्हणाले, "ती जाणारच होती गं. तिला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण खरं बाहेर आलं असतं तर तुम्ही दोघी एक झाल्या असतात. मागोमाग तूही गेली असतीस. मी असा पडलेला. एक तरी राहायला हवी होती ना?" मग म्हणाले, "तुझ्या मनाला लागून राहिलं होतं, म्हणून तर राहिलीस. चांगलं केलंस माझं. नाही म्हणत नाही."

कळलं तुला? जी युक्ती मी तुझ्यावर केली, तीच त्यांनी माझ्यावर केली. तू फसली नाहीस. मी फसले. अकरा वर्षं मला वाटत होतं मी त्यांच्यापासून लपवतेय, आणि ते रोज संध्याकाळी मला विचारत होते, "फाटक कोणी लावलं?" मी "मी" म्हटलं की त्यांचं भागत होतं. मी आहे ना अजून घरात, एवढंच तपासत होते.

मी पाठ कोरडी केली, सदरा घातला, कूस बदलून दिली. काय करणार? उघडं टाकून जाता येत नाही. मग गोठ्यात गेले आणि तिथे ओरडले. शब्द असे नाहीत, नुसती ओरडले. वकीलीणबाईंची नात जवळ आली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून आवाज कुठून येतोय ते बघायला लागली. तिला ढकललं, तर पुन्हा आली. मग मी तिच्या मानेला धरून रडले, तिनं माझ्या पदराचं टोक तेवढ्यात चघळून घेतलं.

तुझं काल दुसरं कार्ड आलं. कोरं. फक्त पत्ता, तुझ्या अक्षरात. दूधवाला म्हणाला, "लिहायचं विसरल्या वाटतं." मी म्हटलं, "नाही." माझी कबुली वाचून तुला जे सुचलं ते हेच असणार, आणि ते बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर तेवढंही पाठवलं नसतं.

आता मी तुला ये म्हणणार नाही. बाबांसाठी ये असं तर मुळीच म्हणणार नाही. त्यांना तुझी आठवण येते ती खरी आहे, पण ती त्यांची त्यांनी निस्तरावी. मी त्यांचं शेवटपर्यंत करीन, माझ्यानं दुसरं होणार नाही. आणि पुढे काय, ते माहीत नाही. मला आता छप्पन्नावं संपेल. बॅग भरायची कशी तेसुद्धा मला येत नाही.

पाकिटात तुझी चकती आहे. दोन भोकांची. दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही हा नियम मी मोडला. काल संध्याकाळी खिळ्यावरून काढली तर मागच्या भिंतीवर तिच्याएवढा गोल पांढरा राहिला होता, बाकी सगळी भिंत धुरानं काळी. चकती राखेनं घासली, तरी गंज पूर्ण जात नाही. तू खरी लावली होतीस. तुझी आहे, ठेव नाहीतर फेक.

त्यानंतर मी बाहेर जाऊन फाटक लावलं. साखळी, कुलूप, सगळं. आत आले आणि माझी चकती लावली नाही, खिशातच ठेवली. त्यामुळे पत्रा वाजला नाही. बाबा वाट बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी मान उचलून विचारलंच, "फाटक कोणी लावलं?"

मी म्हटलं, "धाकटीनं लावलं होतं, बाबा."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. आज संध्याकाळी पुन्हा विचारतील. मी पुन्हा तेच सांगणार आहे. ते आहेत तोवर रोज.

ताई